शेजाऱ्यांनी तिकीट काढलेलं नाही

शनिवारी दुपारी तोर्तियांच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, दुकानापुढच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या मुलीने माझ्या बिछान्यातलं वाक्य मोठ्याने म्हटलं. तिच्याबरोबर एक केसाळ मुलगा होता. तो तिच्या मानेत नाक खुपसून चाळे करत होता आणि ती हातातल्या फडक्याने त्याला हाणत म्हणाली, "आधी खिडकी, मग बाकीचं. शेजाऱ्यांनी तिकीट काढलेलं नाही." मुलगा खिदळला. माझ्यामागची बाईसुद्धा हसली, ओळखीच्या गोष्टीला हसावं तशी. मी हसलो नाही. आतल्या यंत्राचा पट्टा कुरकुरत होता, गरम मक्याचा वास येत होता, टकलाला ऊन लागत होतं, आणि मला वाटलं, कुणीतरी भर रस्त्यात माझी पँट खाली ओढली आहे. कारण हे वाक्य मी आयुष्यात एकाच माणसाला म्हटलं होतं. एका खोलीत, दार लावून. त्या माणसाला ती खोली सोडून अठ्ठावीस वर्षं झाली होती.

"पोरी," मी म्हणालो, "हे तू कुठे ऐकलंस?"

"काय, काका?"

"हेच. खिडकीचं."

"अय्या, तुम्हाला नाही माहीत? पिक्चरमधलं आहे ते. 'आधी खिडकी.' तुमच्याच काळातला आहे की! आता धुऊनपुसून पुन्हा लावलाय. आम्ही तीनदा पाहिला. उद्या दुपारी बाराला शेवटचा खेळ आहे, डायरेक्टर पण येणारे. जा ना, पेन्शनवाल्यांना अर्धं तिकीट. काकूंना घेऊन जा."

"काकू बिघडतील हं," केसाळ मुलगा म्हणाला आणि तिने त्याला पुन्हा फडकं मारलं.

माझा नंबर आला. दुकानातली बाई म्हणाली, "मास्तर, नेहमीचं?" मी म्हणालो, "अर्धा किलो." तिने माझ्याकडे पाहिलं, पण दिल्या. घरी येऊन मी ते उबदार पुडकं टेबलावर ठेवलं आणि मग लक्षात आलं की नेहमीचं म्हणजे पाव किलो. अर्धा किलो दोघांना लागायचा.

मी गमत्या माणूस नाही. मी दातांच्या कवळ्या करतो, कारागीर म्हणून लोक मास्तर म्हणतात. नार्वार्ते मोहल्ल्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात माझं काम आहे. प्लास्टर, गुलाबी मेण, लहान कानस, घासकाम, अशा धंद्यात माणूस बोलका होत नाही. माझे वडीलही असेच होते. पण लग्नानंतर आम्ही या जागेत राहायला आलो त्या पहिल्या रात्री एक गोष्ट घडली. माझी बायको तेंचा पलंगावर बसली होती, मी तिच्या केसातल्या पिना काढत होतो. आतल्या चौकापलीकडे समोरच्या मेर्सेदेसबाई खिडकीत उभ्या राहून इस्त्री करत होत्या आणि त्यांची इस्त्री एकाच शर्टावरून पुन्हापुन्हा फिरत होती. मी उठलो आणि म्हणालो, "आधी खिडकी, मग बाकीचं. शेजाऱ्यांनी तिकीट काढलेलं नाही." कुठून सुचलं देव जाणे. तेंचा इतकी हसली, इतकी हसली, की पलंगावरून घसरून जमिनीवर बसली आणि हाताने मला थांब, थांब म्हणत राहिली. मी एखाद्या माणसाला असं हसवलं ते त्या एकदाच. बत्तीस वर्षांच्या माणसाच्या हाती अचानक अशी वस्तू लागली तर तो ती टाकून देईल का? मी ती जपली. दर वेळी म्हणू लागलो. दोन वर्षं ती हसली. नंतर काही वर्षं नुसती ओठात हसायची. मग ती मी म्हणायच्या आधीच उठून खिडकी लावायला लागली, आणि खिडकी लावलेली असतानाही मी ते म्हणतच राहिलो. त्याशिवाय पुढचं सुरू कसं करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. अकरा वर्षं. मूल झालं नाही. आधी आम्ही त्याबद्दल बोलायचो, मग नाही.

पिक्चरवाले आले ते नव्वदच्या फेब्रुवारीत, रस्त्यावरचे नीलमोहर नुकते फुलायला लागले होते. एक पोरगा जिने चढून घरोघर फिरत होता. त्याला अशी निजायची खोली हवी होती की तिची खिडकी आणि बाल्कनी एकाच वेळी कॅमेऱ्यात दिसेल. आमची तशी होती, कोपऱ्यावरची. मी दार लावणार होतो. तेंचा मागून म्हणाली, "किती दिवस लागतील?" तो म्हणाला, तीन आठवडे. त्या संध्याकाळी जेवताना मी नाही म्हणण्याची सगळी कारणं तिला सांगितली. फरशी, पलंग, अनोळखी माणसं, आणि पिक्चरचा विषय. दिग्दर्शकाचा हा पहिलाच पिक्चर होता, आणि विषय होता एक बाई, तिचा नवरा आणि भाड्याने राहायला आलेला एक तरुण. म्हणजे चावटपणा. तिने सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "तीन आठवडे, लेओ. तीन आठवडे या घरात काहीतरी होईल." ती हे भांडणाच्या सुरात बोलली नव्हती. वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसं बोलली. म्हणून मी हो म्हणालो.

आम्ही माझ्या बहिणीकडे, एल्विराकडे झोपायला गेलो. मी तिथून कामावर जायचो. तेंचा मात्र रोज सकाळी घरी यायची, कुणी काही फोडू नये म्हणून. पहिल्या आठवड्यात तिने मला रोज सांगितलं, आज काय फुटलं. दुसऱ्या आठवड्यात ती सांगायची, आज कोण काय म्हणालं. ती त्यांना दालचिनी घालून मडक्यातली कॉफी करून देऊ लागली, मग नायिकेच्या झोपायच्या झग्याची खालची कड तिने दुमडून शिवून दिली, मग त्यांची कपडेवाली बाई आजारी पडली तेव्हा तीन दिवस सगळ्यांचे कपडे हिनेच सांभाळले. साऊल असं म्हणाला, साऊलला असं वाटतं. साऊल आरिस्मेंदी म्हणजे दिग्दर्शक, सत्तावीस वर्षांचा, दाढी नीट न उगवलेला. मी एकदाच गेलो होतो शूटिंगला. माझ्या निजायच्या खोलीत अठरा माणसं होती आणि माझ्या पलंगावर एक बाई झग्यात बसून केळं खात होती. तेंचा दाराशी उभी होती, तोंडात टाचण्या धरून, आणि कुणीतरी काही बोललं तशी ती टाचण्या न सांडता हसली. मला ते हसू माहीत होतं. मी दारातूनच परत गेलो.

पुढचं दीड वर्ष ती अधूनमधून शिवणकामाला जाऊ लागली, पिक्चरवाल्यांकडेच. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सप्टेंबरात एका सकाळी साखरेच्या भांड्याखाली दोन तिकिटं होती. "शुक्रवारी पहिला खेळ आहे," ती म्हणाली. "ये माझ्याबरोबर."

"माझ्या गादीवर केलेली घाण मी पाहायला येणार नाही."

"घाण नाहीये लेओ. घर आहे त्यात."

"घर मी रोज पाहतो."

ती गेली, एकटी, निळा पोशाख इस्त्री करून. परत आली तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली, तिने बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले आणि तशीच बसून राहिली. दहाव्या दिवशी खाली एक गाडी उभी राहिली आणि दोन माणसांनी तिचं शिलाई मशीन जिन्यावरून उतरवलं. "मी कुणाबरोबर जात नाहीये," ती म्हणाली. मी म्हणालो, "मग गाडीत कोण बसलंय?" ती म्हणाली, "ड्रायव्हर."

मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी मेर्सेदेसबाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, ती दिग्दर्शकाबरोबर गेली. तिसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीला माहीत होतं. लोक फार चांगले वागले. कोंबडीचं सूप आलं, मक्याच्या पानातले तामाले आले. ज्याची बायको पिक्चरवाल्याबरोबर पळून गेली असा माणूस म्हणून मला मोहल्ल्यात एक जागा मिळाली, आणि खरं सांगायचं तर ती मला बरी वाटली. त्या जागेवर मी अठ्ठावीस वर्षं बसलो. साऊल आरिस्मेंदी मोठा झाला, पेपरात त्याचे फोटो यायचे, त्याला परदेशात बक्षिसं मिळायची, आणि मी पिक्चरची नावंसुद्धा न वाचता प्रत्येक फोटोत त्याचे दात बघायचो. खालचे गर्दी केलेले होते. वयाबरोबर ते आणखी पुढे येणार हे मला कळत होतं आणि त्याचं मला समाधान होतं. बाकी त्याच्याविरुद्ध माझ्या हातात काहीच नव्हतं.

रविवारी मी गेलो. कपाटातला करडा सूट घातला. का गेलो हे मी रस्ताभर स्वतःला सांगत होतो. माझी चोरलेली वस्तू ओळखायला, पोलिसचौकीत जातात तसा. थिएटर भरलेलं होतं, बहुतेक पोरं, काही आमच्या वयाचे. माझ्या शेजारी एक बाई आपल्या मुलीबरोबर बसली होती. तिने मला लाह्या पुढे केल्या. मी नको म्हणालो, मग घेतल्या. दिवे गेले आणि पडद्यावर माझी खोली आली.

माझ्या अपेक्षेपेक्षा ती मोठी होती. मी अजून त्याच खोलीत झोपतो, पण ही खोली मी विसरलो होतो. पिवळे पडदे होते तेव्हा. कपाटावर तिच्या आईने दिलेली मेणाची फळं होती. भिंतीवर ओल होती, मासा असावा तशा आकाराची. नंतर मी ती रंगवून टाकली होती. कॅमेरा त्या ओलीवरून हळू फिरला आणि मला एकदम तापातून उठल्यासारखं वाटलं. मग नवरा आत आला. पिक्चरमध्ये तो पियानो जुळवणारा होता, उंच, खांदे पडलेला, माझ्यासारखा मुळीच नाही. त्याने घड्याळ काढलं, किल्ली दिली, कानाला लावलं. त्याने पँटची इस्त्रीची रेषा रेषेवर जुळवली आणि पँट गादीखाली घातली. चष्मा काढून डाव्या बुटात ठेवला. मी माझा चष्मा बुटात ठेवतो, पायाखाली येऊ नये म्हणून. हे जगात कुणाला माहीत होतं? मग तो खिडकीपाशी गेला, आणि थिएटरमधली माणसं पुढे सरकून बसली, आणि त्याने तोंड उघडलं तसं सगळ्या थिएटरने त्याच्याबरोबर एका सुरात म्हटलं, "आधी खिडकी, मग बाकीचं. शेजाऱ्यांनी तिकीट काढलेलं नाही!" टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, तुम्ही का नाही म्हटलं, अशा नजरेने.

पहिला अर्धा तास मला काहीच दिसलं नाही. कान तापले होते. मग हळूहळू मी पाहू लागलो. गोष्ट साधी होती. नवरा आला की भाडेकरू खिडकीतून बाल्कनीत उडी मारायचा, आणि नवरा नेमाने खिडकी लावायचा, त्यामुळे बिचारा चड्डीवर बाहेर अडकायचा, आणि समोरच्या खिडक्यांत शेजारी खुर्च्या टाकून, शेंगदाणे घेऊन बसायचे. तिकीट न काढता. एकदा तो पळताना त्याचा एक बूट पलंगाखाली राहिला. नवरा सपाता शोधायला वाकला, त्याच्या हाताला तो परका बूट लागला. सगळं थिएटर श्वास धरून होतं. नवऱ्याने बूट उलटसुलट करून पाहिला, नाराजीने मान हलवली, पॉलिशची डबी काढली, आणि तो बूट आपल्या जोडीबरोबर घासूनपुसून चकचकीत केला आणि पुन्हा होता तिथे ठेवला. मी हसलो. इतक्या मोठ्याने हसलो की पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. कारण मी हेच केलं असतं. अगदी हेच. बूट कुणाचा, हा प्रश्न मला नंतर पडला असता.

त्यानंतर थोड्याच वेळाने तो प्रसंग आला. बायकोने नवीन झगा घातला होता, फिकट, खांद्यावर गाठी मारायचे बंद असलेला. ती खोलीच्या मधोमध उभी होती आणि नवऱ्याने तिच्याकडे पाहून कापड चिमटीत धरलं, म्हणाला, "दोन धुण्यांत विरेल हे." लोक हसले. पडद्यावरची बाई हसली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली, तिने बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले, टाचा जुळवल्या. हसणं विरून गेलं. मला तो झगा आठवला. लागुनिल्याच्या बाजारातून तिने आणला होता, आमच्या लग्नाच्या आठव्या वर्षी. ती तो घालून मला दाखवायला उभी राहिली होती आणि मी कापड चिमटीत धरलं होतं. मी चुकीचं बोललो नव्हतो, कापड खरंच हलकं होतं. पण तिचा चेहरा मी तेव्हा पाहिलाच नव्हता. माझं लक्ष कापडाकडे होतं. आता लाह्या हातात धरून मी तो पाहिला, दुसऱ्या एका बाईच्या तोंडावर, पंधरा हात उंच.

पिक्चरच्या शेवटी बायको सूटकेस घेऊन निघून जाते. भाडेकरूबरोबर नाही. तो तर घाबरून आधीच गावी पळालेला असतो. ती एकटी जाते. नवरा खोलीत येतो, घड्याळाला किल्ली देतो, खिडकीपाशी जातो. समोर सगळे शेजारी बसलेले. आता तो ते वाक्य म्हणणार म्हणून थिएटर थांबलं होतं. तो म्हणत नाही. तो नुसता उभा राहतो, त्याचे हात कडीवर आहेत, आणि शेजारी एकेक करून लाजल्यासारखे आपापल्या खुर्च्या आत ओढून घेतात. मागून कुठल्या तरी पोराने ते वाक्य म्हटलं. कुणी हसलं नाही.

दिवे लागले. साऊल आरिस्मेंदी काठी टेकत पुढे आला. पंचावन्नच्या पुढचा, जाड झालेला. दात अजून त्याचे स्वतःचेच होते, पण खालची गर्दी मला हवी होती तशीच वाढली होती. पोरांनी हात वर करून प्रश्न विचारले. एका मुलीने विचारलं, "ते वाक्य कसं सुचलं?"

"मला नाही सुचलं," तो म्हणाला. "तेव्हा मला लग्नातलं काय कळत होतं? माझा पिक्चर खिडकीत अडकलेल्या पोराचा होता. नवरा नुसता मूर्ख होता, ओरडणारा. पण ज्या घरात आम्ही शूटिंग करत होतो त्या घरची बाई रोज कॉफी आणायची. एक दिवस आमच्या नवऱ्याचं काम बघून ती हसली, पण भलत्याच जागी. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, नवरे असे ओरडत नाहीत. मी म्हटलं, मग काय करतात? ती बोलायला लागली. मी बाकीचं सगळं फाडून टाकलं. नवऱ्याचा प्रत्येक प्रसंग त्या बाईचा आहे." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "मी तिला म्हटलं, बाई, तुमच्या नवऱ्याला राग नाही का येणार? तर म्हणाली, मी त्याला अकरा वर्षं हेच सांगतेय, त्याला ऐकू येत नाही. तुमच्या पडद्यावर आवाज मोठा असतो ना?"

लोक हसले.

"पहिल्या खेळाला मी तिला दोन खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. ती एकटी आली. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली. कुणी विचारायला आलं की सांगायची, येतोय, येतोय. दिवे लागेपर्यंत पर्स तिथेच होती."

या वेळी लोक हसले नाहीत. शेजारच्या बाईने हळूच म्हटलं, "गाढव मेला." मला म्हणाली. मी मान डोलावली.

बाहेर तो पोस्टरवर सह्या करत होता. मी रांगेत उभा राहिलो, पोस्टर न घेता. माझा नंबर आला तसं त्याने वर न बघता विचारलं, "कुणाच्या नावाने?"

"लेओबार्दो."

पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, सुटाकडे पाहिलं. "नार्वार्ते?"

"हो."

"मास्तर," तो म्हणाला आणि काठी शोधू लागला, उठायला. "मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही एक दिवस येणार आणि माझे दात पाडणार."

"मी दात बसवतो," मी म्हणालो. "पाडत नाही."

तो हसला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला कळेना की आता काय करायचं. कारण दुसऱ्यांदा माझ्या बोलण्यावर कुणीतरी असं हसलं होतं, आणि तो हा माणूस होता. मी विचारलं, "ती तुमच्याबरोबर राहिली ना? गेल्यावर?"

"माझ्याबरोबर?" त्याचं आश्चर्य खरं होतं, मला खरं-खोटं ओळखता येतं. "छे हो. गेरेरो मोहल्ल्यात एक खोली घेतली होती तिने. ती आणि तिचं मशीन. वीसेक पिक्चरचे कपडे शिवले. आता पुएब्लाला असते. तुम्हाला कुणी सांगितलं, माझ्याबरोबर म्हणून?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "मीच सांगत होतो सगळ्यांना."

त्याने समोरच्या एका पोस्टरच्या कोपऱ्यावर तिचा फोन नंबर लिहिला, तो तुकडा फाडून मला दिला, आणि मागची मुलगी पुढे आली. मी चालत घरी आलो. चाळीस मिनिटं. साऊल आरिस्मेंदीचा मला राग येत नव्हता, हे चालताना माझ्या लक्षात येत होतं, आणि त्याने बरं वाटत नव्हतं. माझ्या आयुष्यात एक शत्रू होता, सकाळी पेपर उघडला की असायचा, त्याचे दात वाकडे होत होते. तो कधी नव्हताच. एवढ्या वर्षांत घरात मी एकटा होतो, हे मला आत्ता कळलं. दरवर्षीचं एकटेपण एकदम, थकबाकीसारखं, चार मजल्यांच्या जिन्यावर माझ्याबरोबर चढत होतं.

फोन मी लगेच केला. थांबलो असतो तर केला नसता.

"बोला," ती म्हणाली. आवाज जाड झाला होता, पण तिचाच.

"लेओबार्दो बोलतोय."

मागे कुठेतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "कोण गेलं?" तिने विचारलं. "एल्विरा?"

"एल्विराला जाऊन सहा वर्षं झाली."

"अरेरे. मला कुणी कळवलं नाही."

"मी कळवायला हवं होतं."

"मग काय झालं? तू बरा आहेस ना?"

"बरा आहे. मी पिक्चर पाहिला."

"कुठला?"

"आपला."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, "लोक होते?"

"भरलेलं होतं. पोरं होती सगळी. ते वाक्य सगळ्यांनी मिळून म्हटलं."

"हो, म्हणतात. मलाही एकदा बाजारात ऐकू आलं." मग तिने विचारलं, "तू हसलास का कुठे?"

"एकदा. बुटाला पॉलिश करतो तिथे."

"ते मी सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात काहीतरी चटकन पुढे आलं. "साऊल म्हणत होता, नवरा बूट खिडकीबाहेर फेकतो. मी म्हटलं, लेओ फेकणार नाही. लेओ आधी पॉलिश करेल." ती हसली. थोडंसंच, पण टाचण्या न सांडता हसायची तसं. मला बोलायचं होतं. झग्याबद्दल बोलायचं होतं, पर्स ठेवलेल्या खुर्चीबद्दल. मी ते सगळं चालताना जुळवून आणलं होतं. तेवढ्यात तिच्या घरातून एका पुरुषाचा आवाज आला, सवयीचा, आळसावलेला: "कोण आहे गं?" आणि ती फोनपासून तोंड बाजूला करून म्हणाली, "कामाचं आहे. जुन्या कामाचं."

मी जुळवलेलं सगळं तिथेच राहिलं.

"अजून कवळ्या करतोस?" तिने विचारलं. उगीच विचारावं म्हणून.

"करतो," मी म्हणालो, आणि मग, मला माहीत नाही का, मी सांगतच सुटलो. पुढचे दात एका रेषेत लावले तर माणूस खोटा दिसतो. एखादा दात किंचित वळवावा लागतो, कडेचा जरा आत घ्यावा लागतो. मी गिऱ्हाइकांना त्यांचा हसतानाचा जुना फोटो मागतो, आणि बहुतेकांकडे तो नसतो, लोक फोटोत तोंड मिटून उभे राहतात. मग मी त्यांना बसवतो आणि बोलतं करतो. गावाकडचं, आईचं, काहीही. त्यांचा ओठ कुठे वर जातो ते बघत राहतो. कधीकधी तास जातो. एक म्हातारी गेल्या महिन्यात आरशात पाहून म्हणाली, हे माझंच तोंड आहे, हे कुठे होतं इतके दिवस. मी एवढं बोललो.

तेंचाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये हं, हं म्हणत नव्हती, पण ती ऐकत होती हे कळत होतं.

"हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली.

तू विचारलं नव्हतंस, हे माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते खरं नव्हतं. ती लग्नाच्या पहिल्या वर्षी रोज विचारायची, आज कुणाचे दात केलेस, आणि मी म्हणायचो, दात काय, सगळ्यांचे सारखेच.

"नाही," मी म्हणालो. "सांगितलं नव्हतं."

"बरं केलंस आज सांगितलंस." मागून पुन्हा तो आवाज आला, काहीतरी करपतंय म्हणत होता. "ठेवते हं, लेओ. राजमा चुलीवर आहे. जप स्वतःला."

तिने ठेवला. मीही ठेवला. स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेचार झाले होते. खाली कुणीतरी मोटार धूत होतं, पाण्याच्या पाइपाचा आवाज येत होता. मी करडा कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसलो. रविवार अजून बराच उरला होता.